अट नेमकी केव्हा पूर्ण होते? पाथवे अभ्यासक्रमांची पार्श्वभूमी

पाथवे म्हणजे थेट पदवीला घेता येण्याइतके गुण किंवा इंग्रजी नसलेल्या परदेशी विद्यार्थ्याला साधारण वर्षभर तयार करून विद्यापीठात नेणारा अभ्यासक्रम. पाथवेला जाणाऱ्या विद्यार्थ्याला दोनदा पारखले जाते. आत शिरताना शाळेचे किंवा आधीच्या पदवीचे गुण आणि इंग्रजीचा स्कोअर बघतात. बाहेर पडताना ठरावीक जीपीए (सर्व विषयांच्या ग्रेडची सरासरी, अमेरिकेत ४ पैकी), इंग्रजी लेखन-वाचनाच्या विषयांत ठरावीक ग्रेड आणि काही ठिकाणी पुन्हा एक भाषेची परीक्षा, एवढे सगळे लागते. पहिली अट सैल ठेवायची आणि दुसरी आवळायची, अशी या अभ्यासक्रमांची घडणच आहे. वाद होतो तो या दोन अटींच्या मधल्या काळावरून. त्या वर्षात हा विद्यार्थी विद्यापीठाचा मानायचा की नाही? वेगवेगळ्या देशांनी याचे उत्तर वेगवेगळे दिले, आणि अमेरिकेने २०१६ मध्ये स्वतःचे उत्तर बदलले. तो बदल समजल्याशिवाय आजच्या ऑफर लेटरमधली भाषा कळत नाही, म्हणून या टिपणात त्यालाच जास्त जागा दिली आहे.

इंग्लंडमध्ये अशा वर्षाची गरज शालेय वर्षांच्या हिशेबातून निर्माण झाली. १९५१ मध्ये शाळेच्या शेवटी द्यायची ए-लेव्हल परीक्षा सुरू झाली. तिथला विद्यार्थी १३ वर्षे शिकून, मोजके विषय खोलवर करून विद्यापीठात येतो, म्हणून त्याची पदवी ३ वर्षांत होते. ज्या देशांत शाळा १२ वर्षांत संपते, तिथल्या विद्यार्थ्याला एक वर्ष कमी पडे. ते भरून काढणारे ते फाउंडेशन. त्यामुळे सुरुवातीच्या अटींचा भर विषयज्ञानावर होता: इंजिनिअरिंगला जायचे तर गणित-भौतिकशास्त्र, व्यवस्थापनाला जायचे तर गणित आणि अर्थशास्त्र. १९८० पासून ब्रिटनने नव्या परदेशी विद्यार्थ्यांकडून पूर्ण खर्चाइतकी फी घ्यायला सुरुवात केली आणि या वर्षाकडे उत्पन्न म्हणूनही पाहिले जाऊ लागले.

ऑस्ट्रेलियाने १९८५ मध्ये पूर्ण फी भरणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याचे ठरवले. पुढे १९९४ मध्ये पर्थमधल्या एका खासगी कॉलेजने विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाचाच अभ्यासक्रम लहान वर्गांत, जास्त तासांत शिकवायला घेतला. उत्तीर्ण होणारा विद्यार्थी थेट विद्यापीठाच्या दुसऱ्या वर्षात जाई. आजचे बहुतेक पाथवे याच नमुन्याचे वंशज आहेत. ठरलेले गुण मिळवले की जागा पक्की, हे आश्वासन इथेच रुजले. आणि हे गुण कोण देणार, फी घेणारा की पुढे विद्यार्थ्याला वर्गात बसवणारा, हा प्रश्नही त्याच्यासोबतच आला.

अमेरिकेची गोष्ट निराळी. तिथेही शाळा १२ वर्षांची आणि पदवीची पहिली दोन वर्षे बरीचशी सर्वसाधारण विषयांची, त्यामुळे भरून काढायला वर्ष नव्हते. कमी पडत असे ते इंग्रजी. मिशिगनमध्ये १९४१ मध्येच परदेशी विद्यार्थ्यांसाठी सघन इंग्रजीचे वर्ग सुरू झाले होते. १९६४ मध्ये टोफेल ही इंग्रजीची परीक्षा आली आणि इंग्रजीची अट एका आकड्यात बसली. आकडा गाठला नाही तर काय, याला विद्यापीठांनी काढलेला तोडगा म्हणजे सशर्त प्रवेश, कंडिशनल अॅडमिशन: गुण चांगले आहेत, तुला पदवीला घेतले आहे, मात्र आधी आमच्या इंग्रजी केंद्रात ठरलेल्या पातळीपर्यंत ये. ही सवलत अनेक दशके फारशी गवगवा न होता चालू राहिली.

२००५ नंतर तिचा आकार बदलला. त्या वर्षी सौदी अरेबियाने मोठी शिष्यवृत्ती योजना सुरू केली. तिचे विद्यार्थी आधी इंग्रजी आणि मग पदवी, अशा क्रमाने येत, आणि शिष्यवृत्ती देणाऱ्यांना पुढच्या पदवीच्या प्रवेशाचे पत्र आधीच हवे असे. चीनमधून स्वखर्चाने पदवीला येणाऱ्यांची संख्याही याच काळात झपाट्याने वाढली. टोफेलची इंटरनेटवरची, १२० गुणांची आवृत्ती २००५ चीच. थेट प्रवेशासाठी ७९ किंवा ८० हा आकडा अनेक विद्यापीठांत रूढ झाला आणि त्याच्या खाली राहिलेला मोठा वर्ग तयार झाला. २००८ मध्ये ओरेगनमधल्या एका सार्वजनिक विद्यापीठाने ब्रिटनमधल्या एका खासगी कंपनीशी भागीदारी करून पाथवे केंद्र उघडले, आणि पुढच्या दशकात अशा भागीदाऱ्यांची रीघ लागली.

या केंद्रांनी इंग्रजी आणि क्रेडिटचे, म्हणजे पदवीत मोजले जाणारे, विषय एकत्र आणले, आणि माझ्या मते ही खरीखुरी सुधारणा होती. जुन्या पद्धतीत विद्यार्थी सहा-आठ महिने नुसते व्याकरण आणि निबंध करत बसे, त्याचे एकही क्रेडिट पदवीत धरले जात नसे. पाथवेत त्याच वर्षात गणित, संगणक किंवा अर्थशास्त्राचे क्रेडिट मिळू लागले, आणि इंग्रजीचा वर्ग त्या विषयांच्या वाचनाला जोडला गेला. बाहेर पडण्याची अट पदवीसाठी साधारण २.० ते २.५ जीपीए, इंग्रजीत निदान सी ग्रेड. पदव्युत्तरसाठी साधारण ३.० जीपीए, आणि काही शाखांत त्यावर जीआरई किंवा जीमॅट या प्रवेश परीक्षांचा स्कोअर. प्राध्यापकांच्या संघटनांनी मात्र लवकरच आक्षेप घेतला: शिक्षक कंपनीने नेमायचे, विद्यार्थी कंपनीने एजंटांमार्फत आणायचे आणि उत्तीर्णही त्यांनीच करायचे, तर शैक्षणिक अट पाळली जाते आहे हे कोण तपासणार? बहुतेक करारांत परीक्षा आणि ग्रेडवर विद्यापीठाच्या विभागांची देखरेख लिहिली गेली. ती किती खोलवर जात असे, ते विद्यापीठागणिक वेगळे.

आता २०१६ कडे. अमेरिकेत विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा आय-२० फॉर्म विद्यापीठच देते. संघीय नियमांत तो देण्याच्या अटी फार पूर्वीपासून आहेत: विद्यार्थ्याने लेखी अर्ज केलेला असावा, त्याची कागदपत्रे तपासलेली असावीत, तो प्रवेशाच्या सर्व निकषांना उतरतो असे संस्थेच्या अधिकाऱ्याने ठरवलेले असावे, आणि पूर्णवेळ अभ्यासक्रमासाठी त्याला स्वीकारलेले असावे. भांडण ‘सर्व निकष’ या दोन शब्दांवर झाले. इंग्रजीचा आकडा हा प्रवेशाचा निकष असेल, तर तो न गाठलेल्या विद्यार्थ्याला पदवीचा आय-२० देताच येत नाही, असे व्हिसावरच्या विद्यार्थ्यांवर देखरेख करणाऱ्या संघीय खात्याचे म्हणणे. विद्यापीठे म्हणत होती की आम्ही त्याला शैक्षणिक गुणवत्तेवर पूर्ण स्वीकारले आहे. इंग्रजी हा प्रवेशानंतर पूर्ण करायचा भाग आहे, गणिताचा पायाभूत कोर्स असतो तसा.

विद्यापीठांच्या बाजूने एक भक्कम पुरावा होता, आणि तो खुद्द फॉर्मवर छापलेला होता. जुन्या आय-२० वर इंग्रजीच्या रकान्यात तीन पर्याय असत: विद्यार्थ्याला आवश्यक तेवढे इंग्रजी येते; अजून येत नाही, पण संस्थेत शिकवले जाईल; किंवा या संस्थेत इंग्रजीची अटच नाही. यातला दुसरा पर्याय सरकारनेच दिलेला. तो भरून वर्षानुवर्षे पदवीचे आय-२० दिले गेले, व्हिसे मिळाले, विद्यार्थी शिकून बाहेर पडले. मग अचानक ही पद्धत चुकीची कशी ठरली, असे विद्यापीठांच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयांनी विचारले, आणि त्यांचा प्रश्न रास्त होता.

खात्याची बाजूही हलकी नव्हती. २००१ च्या हल्ल्यांनंतर विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी संगणक प्रणाली २००३ पासून सक्तीची झाली होती. त्या नोंदीत एखादा चार वर्षांच्या पदवीला आहे असे दिसावे आणि प्रत्यक्षात तो इंग्रजीच्या वर्गात बसलेला असावा, पदवीला पोहोचेल की नाही हेही नक्की नसावे, ही विसंगती खरी होती. भाषा शिकवणाऱ्या काही दिखाऊ संस्थांचे प्रकार उघड झाल्यावर डिसेंबर २०१० मध्ये कायदाही झाला: परदेशी विद्यार्थी घ्यायचे तर इंग्रजीचा अभ्यासक्रम मान्यताप्राप्तच असला पाहिजे. त्यामागोमाग सशर्त प्रवेशाकडे लक्ष जाणे स्वाभाविक होते. मसुदे निघाले, अभिप्राय मागवले गेले, आणि जुलै २०१६ मध्ये सशर्त प्रवेश आणि पाथवे या दोन्हींबद्दल अंतिम मार्गदर्शन आले.

त्याचा गाभा असा: नुसत्या सशर्त प्रवेशावर पदवीचा आय-२० नाही. विद्यार्थी आज ज्या अभ्यासक्रमाच्या सर्व निकषांना उतरतो, त्याचाच आय-२० मिळेल. इंग्रजीला घेतले असेल तर इंग्रजीचा, पाथवेला घेतले असेल तर पाथवेचा, आणि तो पूर्ण झाल्यावर पदवीचा नवा. पाथवे हा स्वतंत्र अभ्यासक्रम म्हणून संस्थेच्या मंजुरीत नोंदलेला असला पाहिजे आणि त्याला स्वतःचे प्रवेश निकष असले पाहिजेत. सशर्त प्रवेशाचे पत्र द्यायला बंदी नव्हती. त्या पत्राच्या जोरावर फॉर्म देता येत नव्हता, इतकेच.

कागदावर हे स्वच्छ वाटते आणि तत्त्व म्हणून मला ते पटते. पण त्याचा भार पडला तो विद्यार्थ्यावर. आधी व्हिसाच्या खिडकीत तो चार वर्षांची पदवी लिहिलेला फॉर्म ठेवत असे. आता त्याच विद्यापीठाचा, त्याच स्वप्नाचा, पण वर्षभराच्या पाथवेचा फॉर्म ठेवू लागला, आणि आपल्याच देशात इंग्रजी का शिकत नाहीस, या प्रश्नाला तोंड देऊ लागला. पूर्णवेळ अभ्यासाचे मापही गुंतागुंतीचे झाले. पदवीसाठी सत्राला १२ क्रेडिट, तर भाषेच्या वर्गांना आठवड्याला १८ तास असे नियमात आहे. अर्धे हे, अर्धे ते शिकणाऱ्याला कोणत्या मापाने मोजायचे, ते प्रत्येक कार्यालयाला जुळवून बघावे लागे. भाषेच्या अभ्यासक्रमाला प्रॅक्टिकल ट्रेनिंगचा, म्हणजे शिक्षणाशी जोडलेले काम करण्याचा, हक्क नाही, त्यामुळे नोंद कोणत्या नावाखाली होते यालाही महत्त्व आले.

काही विद्यापीठांनी वेगळीच वाट धरली. त्यांनी इंग्रजीचा आकडा प्रवेशाच्या निकषांतून काढून टाकला. विद्यार्थ्याला पूर्ण प्रवेश द्यायचा, आल्यावर पातळी ठरवणारी प्लेसमेंट परीक्षा घ्यायची आणि गरज असेल त्याला इंग्रजीचे कोर्स सक्तीचे करायचे. नियमाचे शब्द पाळले गेले, पण अट नाहीशी झाली नाही. ती पहिल्या सत्रात सरकली. ज्यांना हे आधी नीट समजावून सांगितले गेले नाही, त्यांना पोहोचल्यावर कळले की पहिल्या वर्षाची फी भरूनही पदवीचे निम्मेच विषय घेता येणार आहेत. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत खटकते ते हे.

त्यानंतरच्या घडामोडी वेगाने आल्या. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे वर्ग ऑनलाइन गेले. एरवी अमेरिकेत व्हिसावरच्या विद्यार्थ्याला सत्राला एकच ऑनलाइन कोर्स, फार तर ३ क्रेडिटचा, मोजता येतो आणि भाषेच्या अभ्यासक्रमात तर एकही नाही. तो नियम तात्पुरता सैल झाला. घरबसल्या देता येणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षा सर्रास स्वीकारल्या गेल्या. थेट प्रवेश सोपा झाल्यावर पाथवेकडचा ओघ आटला, आणि अनेक विद्यापीठांनी कंपन्यांशी असलेले करार संपवले.

ब्रिटनमध्ये इंग्रजीची पातळी थेट व्हिसाच्या नियमांतच आहे: पदवीला युरोपीय भाषा-मापनातली बी२ पातळी, म्हणजे आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ५.५ बँड, आणि पदवीच्या खालच्या, फाउंडेशनसारख्या अभ्यासक्रमांना बी१, म्हणजे ४.०. विद्यापीठे यापेक्षा जास्त मागू शकतात आणि मागतात, पदवीला ६.० ते ६.५ नेहमीचे. जानेवारी २०२४ मध्ये एका वृत्तपत्राने परदेशी विद्यार्थ्यांना मागच्या दाराने कमी गुणांवर घेतात असा आरोप केला. त्यात फाउंडेशनला शिरण्याचे गुण आणि पदवीला थेट शिरण्याचे गुण शेजारी ठेवले होते. ही तुलना न्याय्य नव्हती. देशांतर्गत विद्यार्थ्यांनाही कमी गुणांवर फाउंडेशन मिळते, आणि वर्षाअखेरची अट तिथे हिशेबातच धरलेली नव्हती. तरी त्या बातमीनंतर गुणवत्ता तपासणाऱ्या संस्थेकडून पाहणी झाली, आणि बाहेर पडण्याच्या परीक्षा किती काटेकोर आहेत हा जुना प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला.

ऑस्ट्रेलियाने मधला काळ आधीपासूनच व्हिसात सामावून घेतला आहे: फाउंडेशन आणि पदवी असे दोन स्वतंत्र नोंदणीचे दाखले, पण एकाच अर्जात, एकाच व्हिसावर. तिथे २३ मार्च २०२४ पासून आकडे वर गेले. विद्यार्थी व्हिसासाठी आयईएलटीएसची किमान पातळी ५.५ वरून ६.० झाली, फाउंडेशन किंवा पाथवेसह येणाऱ्यांना ५.५, आणि आधी इंग्रजीचा कोर्स जोडून येणाऱ्यांना ४.५ वरून ५.०. म्हणजे आदल्या आठवड्यापर्यंत ५.५ वर थेट पदवीचा व्हिसा मागता येत होता, तो विद्यार्थी आता त्याच आकड्यावर पाथवेच्या रांगेत उभा राहतो.