न्यूट्रलायझेशन आणि पॅरासिटिक स्टॉपर: रोग दोन, औषधं दोन

घरी बांधलेला व्हॉल्व्हचा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर हॅम रेडिओच्या दोन मीटर बँडवर (१४४ मेगाहर्ट्झ) आणायला घेतला की एक प्रसंग हमखास येतो. ड्राइव्ह (इनपुटचा सिग्नल) काढून घेतला तरी अ‍ॅनोड करंटचा काटा खाली येत नाही. अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच ऑसिलेट होतोय. मग एक जण सांगतो, ‘न्यूट्रलाइझ कर’. दुसरा सांगतो, ‘अ‍ॅनोडला स्टॉपर घाल’. दोन्ही सल्ले एकाच गोष्टीचे वाटतात, आणि अनेकजण दोन्ही करून मोकळे होतात. एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) हे बऱ्याचदा खपून जातं. १४४ मेगाहर्ट्झवर खपत नाही, कारण तिथे एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर औषधच जळतं.

न्यूट्रलायझेशन ज्या दोषावर आहे तो चालू फ्रिक्वेन्सीचाच असतो. व्हॉल्व्हच्या आत कंट्रोल ग्रिड आणि अ‍ॅनोड यांच्यात थोडा कपॅसिटन्स असतोच. त्यातून आउटपुटचा अंश परत इनपुटला जातो, आणि ग्रिडचं व अ‍ॅनोडचं ट्यून्ड सर्किट एकाच फ्रिक्वेन्सीजवळ असल्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरचा ऑसिलेटर होतो. उपाय असा, की तेवढंच पण उलट फेजचं व्होल्टेज छोट्या कपॅसिटरमधून ग्रिड सर्किटला द्यायचं, म्हणजे दोन्ही एकमेकांना खोडून काढतात.

एचएफवर न्यूट्रलायझेशनशिवाय गुण्यागोविंदाने चालणारा अ‍ॅम्प्लिफायर व्हीएचएफवर (३० ते ३०० मेगाहर्ट्झ) का बिघडतो, हे आकड्यांत लगेच दिसतं. ६१४६ या टेट्रोडचा (कॅथोड, कंट्रोल ग्रिड, स्क्रीन ग्रिड आणि अ‍ॅनोड असलेल्या व्हॉल्व्हचा) ग्रिड ते अ‍ॅनोड कपॅसिटन्स जास्तीत जास्त ०.२४ पिकोफॅरड. १४ मेगाहर्ट्झला त्याचा रिअ‍ॅक्टन्स (एसी प्रवाहाला होणारा अडथळा) सुमारे ४७ किलोओहम भरतो, १४४ला फक्त ४.६ किलोओहम. गळतीची वाट दहापट रुंद झाली. ४सीएक्स२५०बी मध्ये हाच कपॅसिटन्स ०.०४ पिकोफॅरडच्या आसपास, म्हणून तो व्हॉल्व्ह इथे इतका सुखाचा. क्यूक्यूई०६/४० या जोड टेट्रोडमध्ये तर न्यूट्रलायझिंग कपॅसिटर काचेच्या आतच बसवलेले आहेत. ६१४६ला मात्र बाहेरून व्यवस्था करावी लागते. दोन मीटरवर त्यासाठी विकतचा ट्रिमर शोधायची गरज नाही: ग्रिड सर्किटच्या उलट फेजच्या टोकाकडून चॅसीच्या भोकातून वर आणलेली, अ‍ॅनोडजवळ उभी केलेली जाड तार हाच कपॅसिटर. तार वाकवायची, जवळ-लांब करायची.

पॅरासिटिकची गोष्ट निराळी. इथे ऑसिलेशन तुमच्या बँडवर नसतंच. अ‍ॅनोडची लीड, ग्रिडची लीड आणि व्हॉल्व्हच्या आतले कपॅसिटन्स मिळून जे न मागितलेलं ट्यून्ड सर्किट तयार होतं, त्यावर ते होतं. एचएफ अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ते बहुधा व्हीएचएफमध्ये सापडतं. म्हणून अ‍ॅनोड लीडमध्ये तीन-चार वेढ्यांची कॉइल आणि तिला समांतर रेझिस्टर घालतात; हाच स्टॉपर. समजा कॉइल ६० नॅनोहेन्री आणि रेझिस्टर ४७ ओहम. १४ मेगाहर्ट्झला कॉइलचा रिअ‍ॅक्टन्स जेमतेम ५ ओहम, त्यामुळे जवळपास सगळा प्रवाह कॉइलमधून जातो आणि रेझिस्टर थंड राहतो. व्हीएचएफला कॉइल आडवी येते, प्रवाह रेझिस्टरमध्ये वळतो, आणि पॅरासिटिकची ताकद उष्णतेत जिरते.

आता हाच स्टॉपर तसाच ठेवून अ‍ॅम्प्लिफायर १४४वर आणला तर? कॉइलचा रिअ‍ॅक्टन्स ५४ ओहम होतो, म्हणजे कामाच्या प्रवाहाचाच मोठा हिस्सा रेझिस्टरमध्ये जातो. आणि हा प्रवाह लहान नसतो. ६१४६चा आउटपुट कपॅसिटन्स ८.५ पिकोफॅरड, १४४ला त्याचा रिअ‍ॅक्टन्स १३० ओहम. अ‍ॅनोडवर आरएफचं (रेडिओ फ्रिक्वेन्सी व्होल्टेजचं) शिखर ३०० व्होल्ट धरलं तरी लीडमधून दोन अँपिअरहून अधिक शिखर प्रवाह फिरतो. दोन वॅटचा रेझिस्टर यापुढे कितीसा टिकणार? माझा काही सेकंदांत काळा पडला होता, आणि तेव्हा मी दोष न्यूट्रलायझेशनमध्ये शोधत बसलो होतो. स्टॉपर काढून टाकणं हीच अशा फेरबदलातली पहिली पायरी आहे, असं मी आता ठामपणे म्हणतो.

मग व्हीएचएफवर पॅरासिटिकला आवरायचं कसं? मुख्यतः बांधणीने. लीड आखूड, तारेऐवजी रुंद पट्टी, कॅथोडची प्रत्येक पिन स्वतंत्रपणे जमिनीला (चॅसीला), स्क्रीनचा बायपास कपॅसिटर सॉकेटच्या अगदी पिनेवर (४सीएक्स२५०बीच्या अनेक सॉकेटमध्ये तो अंगचाच असतो). आणखी एक जागा लोक विसरतात: ग्रिड आणि अ‍ॅनोड दोन्हींच्या फीडला आरएफ चोक (डीसी जाऊ देणाऱ्या, आरएफ अडवणाऱ्या कॉइल) असतील तर ते चोकच खालच्या कुठल्यातरी फ्रिक्वेन्सीवर ऑसिलेटर बनवतात. ग्रिडचा चोक काढून तिथे रेझिस्टर घातला की बहुतेक वेळा हे थांबतं.

स्क्रीन लीडचा इंडक्टन्स दोन्ही दोषांच्या मधोमध बसलेला आहे, आणि गोंधळ बराचसा त्याच्यामुळेच होतो. फ्रिक्वेन्सी वाढली की त्या इंडक्टन्समुळे स्क्रीन पूर्ण जमिनीवर राहत नाही. प्रत्येक टेट्रोडची एक फ्रिक्वेन्सी अशी असते, जिथे तो आपोआप न्यूट्रलाइझ झालेला असतो. तिच्यापेक्षा वरच्या फ्रिक्वेन्सीला गेलं की दुरुस्तीची दिशा उलटते. म्हणून २८ मेगाहर्ट्झला जमवलेली न्यूट्रलायझिंग तार १४४ला दोष वाढवूही शकते.

ओळखायचं कसं? डमी लोड (अँटेनाऐवजीचा रेझिस्टर) लावा, ड्राइव्ह शून्य ठेवा, व्होल्टेज कमी करा, आणि व्हॉल्व्ह मर्यादेत थोडा करंट घेईल इतका बायस (ग्रिडचं स्थिर व्होल्टेज) द्या. दोन्ही ट्यूनिंग कपॅसिटर सावकाश फिरवा. ग्रिड आणि अ‍ॅनोड दोन्ही १४४च्या आसपास आल्यावरच ग्रिड करंट दिसला तर न्यूट्रलायझेशन. ट्यूनिंगची पर्वा न करता दिसत राहिला तर पॅरासिटिक; वेव्हमीटरने त्याची फ्रिक्वेन्सी शोधा. ऑसिलेशन नसतानाही न्यूट्रलायझेशन अर्धवट असू शकतं: पूर्ण लोडवर अ‍ॅनोड करंटचा तळ आणि आउटपुटचं शिखर एका जागी येत नाहीत.

न्यूट्रलायझेशन बसवायला हाय व्होल्टेज लागतच नाही, ही मोठी सोय आहे. प्लग काढा, फिल्टर कपॅसिटर शॉर्टिंग स्टिकने (जमिनीला जोडलेल्या, इन्सुलेटेड दांड्याच्या काठीने) रिकामे करा, मग आउटपुटला १४४चा लहान सिग्नल देऊन इनपुटला किती पोचतो ते मोजा. तार वाकवत तो किमान करा. त्यानंतरच व्होल्टेज चढवून पॅरासिटिक तपासा. त्यासाठी एखादी लीड आखूड केली किंवा बायपास हलवला, तर थंड मोजणी पुन्हा करा. तार आता जुन्या जागी बरोबर बसलेली नसते.