उसाचं ॲव्हरेज चांगलं आहे, म्हणून उसाला पाणी कमी लागतं असं होत नाही

उन्हाळा लागला, विहिरी तळाला गेल्या की उसाच्या पाण्यावरनं वाद सुरू होतो आणि कुणीतरी हमखास म्हणतं, "अहो ऊस सी-फोर पीक आहे, पाणी वापरायची कार्यक्षमता गव्हा-भातापेक्षा भारी आहे, मग उसाला पाणी जास्त लागतं म्हणून का ओरडताय?" यातलं पहिलं अर्धं खरं आहे, आणि त्यावरनं काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा. कृषी पदवी घेतलेली माणसंसुद्धा असं बोलतात तेव्हा फार त्रास होतो.

ऊस तुम्हाला मी शिकवायला नको. लागणीच्या वेळेप्रमाणे सुरू ऊस १२ महिने रानात राहतो, पूर्वहंगामी १५, आडसाली १८, पुढे खोडवा म्हणजे तोडलेल्या बुडख्यातनं पुन्हा फुटलेला ऊस, हे तुम्हाला पाठच आहे. सी-फोरचं तेवढं पटकन सांगतो. पानाला बारीक छिद्रं असतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यातनंच आत येतो आणि पाण्याची वाफ त्यातनंच बाहेर जाते, म्हणजे कार्बन घ्यायचा तर पाणी घालवावंच लागतं. ऊस, मका, ज्वारी, बाजरी ही पिकं आत आलेला कार्बन आधी पकडून पानाच्या शिरांभोवतीच्या पेशींत दाट करून ठेवतात, त्यामुळे छिद्रं कमी उघडली तरी भागतं. गहू, भात, सोयाबीन, कापूस, तूर यांना ते जमत नाही, ती सी-थ्री. ढोबळ हिशोबानं एक किलो सुकं वजन तयार करायला सी-थ्री पीक ५०० लिटरच्या आसपास पाणी पानातनं उडवतं आणि सी-फोर २५० ते ३००.

आता नीट बघा, हा आकडा किलोमागे आहे. एकरामागे नाही आणि हंगामामागेही नाही, आणि सगळी गल्लत इथंच होते. चांगलं ॲव्हरेज देणारी गाडी वर्षभर रात्रंदिवस पळवली तर पेट्रोलचं बिल मोठंच येणार, तसंच ऊस किलोमागे पाणी कमी घेतो पण किलो प्रचंड बनवतो, आणि तुमच्या विहिरीतनं जातं ते एकूण पाणी, किलोमागचं नाही.

एफएओचे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचे आकडे घ्या. उसाला पूर्ण हंगामात १५०० ते २५०० मिलिमीटर पाणी लागतं, ज्वारीला ४५० ते ६५०. एक हेक्टरवर एक मिलिमीटर म्हणजे १०,००० लिटर, तेव्हा २००० मिलिमीटरचा ऊस म्हणजे हेक्टरी २ कोटी लिटर आणि ५०० मिलिमीटरची ज्वारी म्हणजे ५० लाख लिटर. आणि ज्वारीसुद्धा सी-फोरच आहे! दोन्हींच्या पानातली यंत्रणा तीच आणि पाण्याची गरज चौपट, मग सी-फोर म्हणून उसाला पाणी कमी लागतं हे म्हणणं टिकतं कसं, मला कुणीतरी सांगा.

फरक येतो तो पीक किती दिवस आणि कुठल्या हवेत उभं राहतं यानं. सोलापूरकडं मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी पावसाळ्याच्या शेवटी पेरली जाते, जमिनीत मुरलेल्या ओलीवर थंडीत वाढते आणि कडक ऊन तापायच्या आत काढणीला येते. ऊस एप्रिल-मे पूर्ण अंगावर घेतो. तेव्हा हवा इतकी कोरडी असते की तेवढंच छिद्र उघडून, तेवढाच कार्बन घेऊन, पाणी कितीतरी जास्त उडतं. म्हणजे ती कार्यक्षमता पण पिकाला कायमची चिकटलेली नसते, त्याच उसाची मे महिन्यात घसरते, हे कुणी सांगतच नाही. सोलापूर जिल्ह्याचा सरासरी पाऊस ५५० मिलिमीटरच्या आसपास, उसाच्या कमीत कमी गरजेच्या निम्म्याहूनही कमी, बाकीचं उजनी धरणातनं नाहीतर बोअरमधनंच येणार.

अजून एक, टनांची तुलना करू नका. एकरी ४० टन ऊस आणि एकरी चार क्विंटल ज्वारी शेजारी मांडून "बघा किती जास्त पिकलं" म्हणणं मला अजिबात पटत नाही. तोडलेल्या उसात ७० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. सुकं वजन धरा, ज्वारीचा कडबाही मोजा, मग बोला. तरीही किलोच्या हिशोबात ऊस पुढे असेल, ते मी नाकारत नाहीच.

ठिबकची कार्यक्षमता तर तिसरीच गोष्ट. तिथं ९० टक्के म्हणजे सोडलेल्या पाण्यातलं एवढं मुळाशी पोचलं. पानातनं उडणारं पाणी ठिबकनं कमी होत नाही. वाचतं ते उघड्या सरीतनं उडणारं आणि मुळाखाली मुरणारं, आणि ते मुरलेलं बरंचसं खालच्या शेतकऱ्याच्या विहिरीत जात होतं. मी ठिबकच्याच बाजूचा आहे, खत आणि वीज वाचते, सगळ्यांनी करावं. पण वाचलेल्या पाण्यावर अजून दोन एकर ऊस वाढवला तर शिवारातलं एकूण पाणी जास्तच गेलं.

मातीतही हाच घोळ, एक भाग बघायचा आणि एकूण हिशोब विसरायचा. पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, कुजवलं म्हणजे त्यातला सगळा कर्ब (कार्बन) जमिनीत राहिला असं नसतं. दहा टन सुक्या पाचटात चारेक टन कर्ब असतो आणि ते खाताना जिवाणू त्यातला निम्म्याहून जास्त श्वासावाटे हवेत परत सोडतात. म्हणून पाचट जाळायचं का? मुळीच नाही, जाळलं तर जवळपास सगळाच कर्ब एका दिवसात जातो. खोडव्यात पाचट सरीत पसरून ठेवा, ऊस पानातनं पाणी उडवेलच पण जमिनीवरनं उडणारं कमी होतं आणि पाण्याची पाळी थोडी लांबवता येते.