पार्श्वभूमी : विमानातला लेसर आणि अंतराचा हिशेब

11 फेब्रुवारी 2010 च्या रात्री कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याबाहेर, समुद्रातल्या फिरत्या तळावरून द्रव इंधनाचं कमी पल्ल्याचं एक क्षेपणास्त्र सुटलं. दोन मिनिटांच्या आत एका बोइंग 747 च्या नाकातून निघालेल्या लेसरने ते चढत असतानाच फोडलं. बॅलिस्टिक क्षेपणास्त्र विमानातल्या लेसरने पाडता येतं हे त्या रात्री सिद्ध झालं. दोन वर्षांनी, 14 फेब्रुवारी 2012 ला, त्याच विमानाने ॲरिझोनातल्या डेव्हिस-मॉन्थन तळाकडे शेवटचं उड्डाण केलं. सप्टेंबर 2014 मध्ये ते तोडून भंगारात काढलं. या प्रकल्पावर 16 वर्षं आणि 5 अब्ज डॉलरहून जास्त रक्कम खर्ची पडली होती. प्रयोग यशस्वी झाला तरी शस्त्र का झालं नाही, याचं उत्तर लेसरच्या ताकदीपेक्षा अंतरात जास्त सापडतं.

या कल्पनेचा पहिला अवतार 747 च्या बराच आधीचा. अमेरिकी हवाई दलाने 1970 च्या दशकात एका एनकेसी-135 विमानात कार्बन डायऑक्साइड लेसर बसवला होता. 1981 मधल्या पहिल्या चाचण्या फसल्या, पण 1983 मध्ये याच उडत्या प्रयोगशाळेने विमानातून विमानावर डागायची 5 साइडवाइंडर क्षेपणास्त्रं आणि एक वैमानिकरहित लक्ष्यविमान निकामी केलं. ताकद सुमारे 400 किलोवॅट, पल्ला मात्र जेमतेम काही किलोमीटर. मूळ अडचण तरंगलांबीची होती. हा लेसर 10.6 मायक्रॉनवर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चालायचा. झोत किती पसरणार हे तरंगलांबी भागिले आरशाचा व्यास यावर ठरतं, त्यामुळे लांब तरंगाचा झोत दूर जाईपर्यंत पातळ होतो.

तोडगा त्याआधीच हाताशी आला होता. 1977 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या कर्टलँड तळावरच्या शस्त्र प्रयोगशाळेत रासायनिक ऑक्सिजन-आयोडिन लेसर चालवून दाखवला गेला. त्याची तरंगलांबी 1.315 मायक्रॉन, म्हणजे आधीच्या जवळपास एक अष्टमांश. तेवढ्याच आरशातून आणि तेवढ्याच अंतरावर त्याचा ठिपका व्यासाने आठपट लहान, क्षेत्रफळाने चौसष्टपट लहान पडतो. पुढची सगळी उमेद या एका आकड्यावर उभी राहिली.

राजकीय धक्का 1991 च्या आखाती युद्धाने दिला. इराकची स्कड क्षेपणास्त्रं फिरत्या वाहनांवरून सुटत आणि वाहनं तिथून लगेच पसार होत. वाळवंटात ती शोधून उडवण्याची मोहीम जवळपास निष्फळ ठरली. 25 फेब्रुवारी 1991 ला सौदी अरेबियातल्या धाहरानमधल्या बराकीवर एक स्कड पडून 28 अमेरिकी सैनिक मेले. वाहन सापडत नसेल, तर क्षेपणास्त्र वर चढत असतानाच गाठावं, हा विचार तिथून जोर धरू लागला. नोव्हेंबर 1996 मध्ये 1.1 अब्ज डॉलरचं कंत्राट दिलं गेलं. विमान आणि एकूण जुळणी बोइंगकडे, लेसर टीआरडब्ल्यूकडे (ही कंपनी पुढे नॉर्थ्रॉप ग्रमनने घेतली), झोत रोखण्याची यंत्रणा लॉकहीड मार्टिनकडे.

चढता टप्पाच का? इंजिन जळत असतं, तेव्हा त्याची ज्योत शेकडो किलोमीटरवरून अवरक्त संवेदकांना दिसते. टाक्या दाबाखाली असतात आणि सबंध सांगाडा ताणाखाली असतो, त्यामुळे पोलाद वितळवावं लागत नाही. कवच तापून मऊ पडलं की आतला दाब उरलेलं काम करतो. शिवाय अण्वस्त्राग्र आणि फसवी लक्ष्यं अजून सुटी झालेली नसतात. अडचण वेळेची. स्कड वर्गाचं इंजिन साधारण 60 ते 90 सेकंद जळतं, द्रव इंधनाचं आंतरखंडीय क्षेपणास्त्र 4 मिनिटांच्या आसपास, घन इंधनाचं 3 मिनिटांच्या. यातलं जवळपास पाऊण मिनिट ढगांच्या वर यायची वाट पाहण्यात जातं. मग शोध, माग, नेम, आणि शेवटी काही सेकंद झोत एकाच जागी धरून ठेवणं.

यंत्र कसं होतं ते पाहिल्याशिवाय खर्च समजत नाही. विमानाच्या शेपटीकडच्या भागात सहा लेसर मॉड्यूल, म्हणजे एकसारखे लेसर-संच, होते. प्रत्येकात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडसारख्या अल्कलींच्या थंड द्रावणातून क्लोरीन वायू सोडला जाई. त्यातून उत्तेजित, म्हणजे जादा ऊर्जा साठवलेला, ऑक्सिजन निघे. स्वनातीत वेगाच्या त्या प्रवाहात आयोडिन मिसळलं की ऑक्सिजनची ऊर्जा आयोडिनकडे जाई आणि तेच प्रकाश देई. अभिक्रियेची उष्णता अमोनियाने काढून घ्यावी लागे. द्रावण तापलं तर पेरॉक्साइडचं विघटन होतं आणि पाण्याची वाफ वाढली तर उत्तेजित आयोडिन आपली ऊर्जा प्रकाशाऐवजी तिथेच गमावून बसतं. ही अभिक्रिया कमी दाबाखाली चालते. 12 किलोमीटर उंचीवर बाहेरची हवाच विरळ असल्याने वायू बाहेर फेकणं सोपं, जमिनीवर मात्र त्यासाठी वेगळी निर्वात यंत्रणा उभारावी लागली. कर्मचारी पुढे, रसायनं मागे, मध्ये भक्कम भिंत. झोत नळीतून सबंध विमान पार करून नाकातल्या फिरत्या बुरुजात येई. तिथे 1.5 मीटर व्यासाचा आरसा होता.

नेम धरण्याची साखळी मला लेसरपेक्षाही अवघड वाटते. सहा अवरक्त संवेदक ज्योत टिपत. विमानाच्या पाठीवरचा एक लहान लेसर अंतर मोजे. एक प्रकाशक लेसर क्षेपणास्त्राचं नाक शोधून माग घट्ट करे. दुसरा, दीपस्तंभ म्हणावा असा, कवचावर ठिपका पाडे. त्याच्या परतलेल्या प्रकाशावरून वाटेतल्या हवेने झोत किती विस्कटेल ते मोजून शेकडो सूक्ष्म दट्ट्यांनी एका आरशाचा आकार सेकंदाला सुमारे हजार वेळा बदलला जाई. मग मुख्य झोत. यात प्रकाशाच्या वेगाचंही भान ठेवावं लागतं. 300 किलोमीटरवरचं प्रतिबिंब येऊन उलट झोत पोहोचेपर्यंत 2 मिलिसेकंद जातात. तेवढ्यात 2 किलोमीटर प्रतिसेकंद वेगाचं क्षेपणास्त्र 4 मीटर पुढे गेलेलं असतं. म्हणजे दिसतं तिथे नव्हे, त्याच्या पुढे मारायचं, आणि हवेची दुरुस्तीही किंचित वेगळ्या वाटेवरून मोजलेली. विमानाच्या थरथरीने झोत एक मायक्रोरेडियन (कोनाचं अतिसूक्ष्म माप) हलला, तर त्या अंतरावर ठिपका 30 सेंटीमीटर सरकतो.

आता अंतराचा हिशेब. 1.5 मीटरच्या निर्दोष आरशातून निघालेल्या झोताचा मधला ठिपका 300 किलोमीटरवर साधारण 64 सेंटीमीटर व्यासाचा होतो, 600 किलोमीटरवर 1.28 मीटर. एक मेगावॅट पूर्ण पोहोचला असं धरलं तरी दर चौरस सेंटीमीटरला पहिल्या ठिकाणी सुमारे 300 वॅट पडतील, दुसऱ्या ठिकाणी 80 च्या आत. हवा, थरथर आणि आरशांवरचं नुकसान यातून आणखी वजा होतं. अंतर दुप्पट, तर वेळ चौपट. अमेरिकन फिजिकल सोसायटी या भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या 2003 च्या अभ्यासाने आंतरखंडीय क्षेपणास्त्रांसाठी पल्ला धरला तो द्रव इंधनाला सुमारे 600 किलोमीटर, घन इंधनाला सुमारे 300. घन इंधनाचं कवच जास्त सोसतं आणि जळण्याचा काळही कमी, म्हणजे दुहेरी मार.

ठरलेल्या नकाशाप्रमाणे विमानात 14 मॉड्यूल बसायचे होते. प्रत्यक्षात सहा बसवतानाच वजनाचा कोटा संपला. नंतर मिसाइल डिफेन्स एजन्सी या अमेरिकी क्षेपणास्त्र-संरक्षण संस्थेने मांडलेल्या हिशेबानुसार दर किलोवॅटमागे सुमारे 55 किलो वजन पडत होतं. वेळापत्रकही घसरत गेलं. पहिलं क्षेपणास्त्र 2002-03 च्या सुमारास पाडायचं होतं, ते 2010 ला पडलं. 11 फेब्रुवारीच्या यशानंतर तासाभरातच घन इंधनाच्या दुसऱ्या लक्ष्यावर झोत टाकला, पण ते फुटण्याआधीच तो थांबवावा लागला. सप्टेंबर 2010 मध्ये झोत-नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरमधल्या बिघाडाने झोत मध्यापासून थोडा सरकला. ऑक्टोबरमध्ये ज्योतीच्या मागावरून प्रकाशक लेसरच्या मागावर जाताना साखळी तुटली आणि मुख्य लेसर पेटलाच नाही. डिसेंबर 2011 मध्ये कार्यक्रम बंद झाला.

समर्थकांचा आवडता आकडा एका माऱ्याचा होता : रसायनांचे सुमारे 10,000 डॉलर. जमिनीवरून डागायच्या पॅट्रियट यंत्रणेचं नवं रोधक क्षेपणास्त्र एकच 40 लाख डॉलरच्या घरात जातं, तेव्हा ही तुलना मोहात पाडते. पण इथे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. 1990 च्या दशकातल्या अंदाजात विकासाला 2.5 अब्ज, 7 विमानांच्या उत्पादनाला 3.6 अब्ज आणि 20 वर्षं चालवायला 4.9 अब्ज, असे एकूण 11 अब्ज डॉलर होते. 2001 पर्यंत विकासाचाच अंदाज 3.7 अब्जांवर गेला. संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी एप्रिल 2009 मध्ये दुसरं विमान रद्द केलं आणि पुढे अमेरिकी संसदेसमोर रोखठोक सांगितलं : खरा ताफा 10 ते 20 विमानांचा लागेल, प्रत्येकी दीड अब्ज डॉलर, वर्षाला 10 कोटी डॉलर चालवण्याचा खर्च, आणि लेसर 20 ते 30 पट शक्तिशाली हवा. नाही तर विमानाला इराणच्या हद्दीत घिरट्या घालाव्या लागतील. वर्षाचे 10 कोटी म्हणजे दिवसाला पावणेतीन लाख डॉलर, एकही झोत न सोडता.

त्यातही हे विमान एकटं उडत नाही. मूळ आराखड्यात 7 विमानांतून दोन जागी चोवीस तास गस्त निघणार होती. जोडीला इंधन भरणारी विमानं, लढाऊ विमानांचं संरक्षण, आणि पुढच्या तळावर क्लोरीन, तीव्र पेरॉक्साइड, अमोनिया साठवून थंड ठेवण्याची सोय. एका उड्डाणात साधारण 20 मारे, मग परत फिरायचं. एस-200 सारखं सोव्हिएत काळातलं जुनं विमानवेधी क्षेपणास्त्रही अडीचशे किलोमीटरच्या पुढे पोहोचतं, आणि संथ 747 ला त्याच पट्ट्यात शिरावं लागतं. उत्तर कोरिया अरुंद आहे, दोन्ही बाजूंना समुद्र, तिथे गणित बसलं असतं. इराणच्या पोटातल्या तळांसाठी ते बसत नाही. आणखी एक गैरसोय फारशी बोलली जात नाही. इंजिनाचा भाग फुटला तरी अण्वस्त्राग्र शाबूत राहून वाटेतल्या एखाद्या तिसऱ्याच देशात पडू शकतं.

फायदा झाला नाही असं नाही. हलत्या विमानातून हवेची दुरुस्ती करत झोत स्थिर धरण्याचं तंत्र इथे प्रत्यक्ष तपासलं गेलं. पुढचा भर रसायनांवरून विजेवर चालणाऱ्या लेसरकडे गेला, वजन दर किलोवॅटला काही मोजक्या किलोंवर आणून तो 747 पेक्षा बऱ्याच उंचावर उडणाऱ्या वैमानिकरहित विमानात बसवण्याच्या इराद्याने. 2017 मध्ये त्याच्या आराखड्यांची कंत्राटंही निघाली, पण पुढे निधी आटला. जून 2021 मध्ये इस्रायलने एका लहान सेस्ना विमानातून लेसरने ड्रोन पाडले. तिथला पल्ला सुमारे एक किलोमीटर होता.