भूल कोण देणार? ‘ॲनेस्थेशिऑलॉजिस्ट असिस्टंट’ या अमेरिकन पेशाची पार्श्वभूमी

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी पेशंटला तपासायला गेले, की नातेवाइकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. ‘भूल तुम्हीच देणार ना?’ सर्जनची माहिती त्यांनी चार ठिकाणी विचारून काढलेली असते. भूल देणाऱ्याचं नाव त्यांना ठाऊक नसतं, पण तो माणूस कोण असेल याची धास्ती मात्र असते. मला हा प्रश्न अगदी योग्य वाटतो. भूलशास्त्राचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास याच एका प्रश्नाभोवती फिरत आला आहे.

अलीकडे हाच प्रश्न दुसऱ्या बाजूनेही येतो. ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्नॉलॉजीत बीएस्सी करणारी मुलं-मुली विचारतात, ‘मॅडम, अमेरिकेत ॲनेस्थेशिया असिस्टंटला खूप मागणी आहे म्हणे. आमची डिग्री चालेल का?’ नुसत्या त्या डिग्रीवर नाही चालत. ‘ॲनेस्थेशिऑलॉजिस्ट असिस्टंट’, थोडक्यात एए, म्हणजे भूलतज्ज्ञ डॉक्टरच्या देखरेखीखाली भूल देणारा, पण स्वतः डॉक्टर नसलेला माणूस. तिथे आपली डिग्री का चालत नाही हे कळायला तो पेशा कुठून आला ते पाहावं लागतं.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने सर्वांसमक्ष ईथरची भूल देऊन दाखवली. त्याच्या चार वर्षं आधी, १८४२ मध्ये, जॉर्जिया राज्यातल्या जेफरसन गावात क्रॉफर्ड लाँग या डॉक्टरने ईथर देऊन मानेवरची गाठ काढली होती, पण ते त्याने १८४९ पर्यंत छापून आणलं नाही. जॉर्जियाचं नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

वेदना थांबली, पण मास्क कोणी धरायचा हे ठरलं नव्हतं. ज्याचे हात मोकळे असतील तो धरायचा. कधी कॉलेजचा नवखा विद्यार्थी, कधी वॉर्डातला माणूस. क्लोरोफॉर्म वापरात येऊन तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचं नख काढताना दगावली. नखासाठी जीव गेला. औषध जितकं जोरकस, तितकं ते देणाऱ्याचं लक्ष अखंड हवं, हे त्या मुलीने सगळ्यांना शिकवलं.

इंग्लंडने हे काम डॉक्टरकडे ठेवलं. जॉन स्नो यांनी १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीला बाळंतपणात क्लोरोफॉर्म दिला, तोवर लंडनमध्ये भूल देणं हेच त्यांचं मुख्य काम झालं होतं. आपल्याकडे निजामाच्या हैदराबादेत, मराठवाडा ज्या राज्यात होता त्याच राज्यात, १८८८ आणि १८८९ मध्ये क्लोरोफॉर्म कितपत सुरक्षित आहे हे तपासायला आयोग नेमले गेले. दुसऱ्या आयोगासाठी निजामाने पैसे देऊन लंडनहून तज्ज्ञ बोलावला. त्याच काळात तिथे रूपाबाई फर्दुनजी क्लोरोफॉर्म देत होत्या. जगातल्या पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. आमच्या शाखेतल्या मुलींना त्यांचं नाव सहसा माहीत नसतं, म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

अमेरिकेत मात्र वेगळं घडलं. नुसती भूल देण्यात डॉक्टरला ना पैसा होता ना मान. जो डॉक्टर मास्क धरायचा त्याचं अर्धं लक्ष सर्जनच्या हातांकडे असायचं, कारण त्याला स्वतःला सर्जन व्हायचं असायचं. फक्त पेशंटकडे बघणारं माणूस हवं होतं. ते सर्जनांना आधी रुग्णालयांतल्या नन्समध्ये आणि मग नर्सेसमध्ये सापडलं. मिनेसोटातल्या मेयो बंधूंच्या रुग्णालयात ॲलिस मॅगॉ यांनी १९०६ पर्यंत १४,००० हून अधिक पेशंटना भूल दिली आणि भुलेमुळे एकही मृत्यू झाला नाही असं लिहून ठेवलं. त्यांच्याजवळ ना ऑक्सिमीटर होता ना मॉनिटर. नाडीवर बोट, श्वासाकडे कान आणि थेंब थेंब ईथर. आजही ती संख्या वाचताना मी थांबते.

मग डॉक्टर या क्षेत्रात येऊ लागले तसे खटले सुरू झाले. नर्सने भूल देणं म्हणजे परवान्याशिवाय डॉक्टरकी करणं नाही का? केंटकीच्या न्यायालयाने १९१७ मध्ये आणि कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने १९३६ मध्ये सांगितलं की नाही, कारण ती सर्जनच्या निर्देशाखाली काम करते. ‘निर्देशाखाली’ या शब्दाने त्या दिवसापासून अमेरिकेतल्या भूलशास्त्राची पाठ सोडलेली नाही. तिकडे विस्कॉन्सिन विद्यापीठात राल्फ वॉटर्स यांनी १९२७ मध्ये भूलशास्त्राचं पद्धतशीर पदव्युत्तर प्रशिक्षण सुरू केलं. १९३१ मध्ये भूल देणाऱ्या नर्सेसची राष्ट्रीय संघटना झाली आणि १९३८ मध्ये भूलतज्ज्ञ डॉक्टरांचं परीक्षा मंडळ आलं. एकाच टेबलाच्या डोक्याशी दोन पेशे उभे राहिले.

माणसांचा तुटवडा मात्र हटेना. दुसऱ्या महायुद्धानंतर शस्त्रक्रिया वाढत गेल्या, हृदय उघडून ऑपरेशनं होऊ लागली, आणि १९६५ मध्ये मेडिकेअर आल्यावर वृद्धांच्या उपचाराचा खर्च सरकार देऊ लागलं. तेव्हा तीन प्राध्यापकांनी हा प्रश्न हातात घेतला. ऑगस्टाच्या मेडिकल कॉलेज ऑफ जॉर्जियातले पेरी व्होल्पिटो, अटलांटाच्या एमरी विद्यापीठातले जॉन स्टाइनहाउस आणि क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात गेलेले योआकिम ग्रॅव्हनस्टाइन. व्होल्पिटो स्वतः वॉटर्स यांचे विद्यार्थी. तिघांपैकी दोघे जॉर्जियाचे, म्हणजे लाँग यांच्याच राज्यातले.

या तिघांच्या विचाराची दिशा मला फार मोलाची वाटते. अमुक पेशातली माणसं कमी आहेत, ती वाढवा, असं त्यांनी म्हटलं नाही. ऑपरेशनच्या खोलीत कोणकोणती कामं होतात ती त्यांनी सुटी करून पाहिली. कुठलं काम डॉक्टरनेच करायला हवं, कुठलं दुसरं कोणी शिकून तितक्याच चांगल्या तऱ्हेने करू शकेल, आणि त्या दुसऱ्याला काय काय यावं लागेल? उत्तर असं आलं की गॅस, दाब, विद्युत उपकरणं आणि औषधशास्त्र यांचा पाया पक्का असलेला माणूस हवा. असा माणूस कुठे मिळेल? मेडिकलच्या प्रवेशासाठी लागणारे विज्ञानाचे विषय घेऊन पदवी केलेल्यांमध्ये. त्याला पुढे डॉक्टर व्हावंसं वाटलं तर ती वाटही खुली राहावी, हाही विचार त्यात होता. नर्सिंगमधली आधीच अपुरी माणसं ओढून न घेता नवी माणसं आणायची ही सोय होती.

१९६९ मध्ये एमरी आणि केस वेस्टर्न इथे या नव्या पेशाच्या, म्हणजे एएच्या, अभ्यासक्रमाला विद्यार्थी घ्यायला सुरुवात झाली. त्याच दशकात, १९६५ मध्ये, ड्यूक विद्यापीठात ‘फिजिशियन असिस्टंट’चा अभ्यासक्रम सुरू झाला होता. नावं सारखी असल्याने पुष्कळ जण दोन्ही एकच समजतात. तसं नाही. फिजिशियन असिस्टंट सगळ्या शाखांत काम करतो, एए फक्त भुलेचं.

काम नेमकं काय, ते एका सकाळीत दिसतं. पहिला पेशंट आत यायच्या आधी एए मशीन तपासतो. व्हॉल्व्ह बंद, नळीच्या तोंडाशी अंगठा, बॅग दाबून दाब ३० पर्यंत न्यायचा आणि काटा दहा सेकंद जागचा हलत नाही ना ते बघायचं. हलला तर कुठेतरी गळती आहे, ती सापडल्याशिवाय पुढे जायचं नाही. सक्शन चालू आहे का, घशात बघायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का, श्वासनलिकेत घालायच्या ट्यूबचा फुगा सिरिंजने फुगवला तर हवा धरतो का, हे सगळं बघून होतं. औषधं भरून प्रत्येक सिरिंजवर नावाची पट्टी लागते. पेशंट आल्यावर तीन-चार मिनिटं मास्कमधून ऑक्सिजन, म्हणजे श्वास थांबल्यावर हाताशी वेळ राहतो. मग झोपेचं औषध, स्नायू सैल करणारं औषध, आणि ट्यूब. ट्यूब श्वासनलिकेतच गेली याची खात्रीची खूण म्हणजे पडद्यावर दर श्वासाला उमटत राहणारी कार्बन डायऑक्साइडची चौकोनी लाट. ती दिसेपर्यंत खोलीत कोणी मोकळा श्वास घेत नाही. निदान मी तरी घेत नाही.

या घडीला भूलतज्ज्ञ डॉक्टर शेजारी असतो. पेशंट स्थिरावला की तो दुसऱ्या खोलीत जातो आणि एए तिथेच थांबतो, पेशंट उठेपर्यंत. रक्तदाब, नाडी, ऑक्सिजन, भूल किती गाढ आहे, सलाइन, रक्तस्राव यांच्याकडे त्याचं लक्ष असतं. काही बिघडतंय असं वाटलं तर हाक मारायची, आणि डॉक्टर लगेच येऊ शकेल इतक्या अंतरावर असलाच पाहिजे. हा नुसता रिवाज नाही. १९८२ च्या कायद्यानंतर मेडिकेअरने पैसे देण्यासाठी सात अटी घातल्या. डॉक्टरने आधी पेशंट तपासावा, भुलेची योजना ठरवावी, भूल देणं आणि त्यातून बाहेर काढणं यांसारख्या अवघड टप्प्यांत स्वतः भाग घ्यावा, अधूनमधून येऊन पाहावं, जवळपास हजर राहावं, इत्यादी. अशी देखरेख एका वेळी जास्तीत जास्त चार खोल्यांवर. पाठीतून भूल देणं एए करू शकतो का, हे राज्याचा कायदा आणि रुग्णालयाची नियमावली ठरवतात.

पात्रतेची चौकट मात्र सावकाश उभी राहिली. १९७५ मध्ये एएंची अकादमी स्थापन झाली. १९८९ मध्ये प्रमाणपत्र देणारा स्वतंत्र राष्ट्रीय आयोग आला आणि १९९२ मध्ये पहिली परीक्षा झाली, तीही डॉक्टरांच्या परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या सहकार्याने. म्हणजे पहिली तुकडी शिकायला बसल्यापासून परीक्षा यायला तेवीस वर्षं गेली. मधल्या काळात रुग्णालयं विद्यापीठाच्या नावावर आणि डॉक्टरांच्या शब्दावर विश्वास ठेवून माणसं घेत होती.

आजची वाट अशी आहे. विज्ञानाच्या ठरावीक विषयांसह पदवी, त्यात भौतिकशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र, जीवरसायनशास्त्र हे आलंच. एमकॅट किंवा जीआरई ही प्रवेश परीक्षा. मग मान्यताप्राप्त विद्यापीठात २४ ते २८ महिन्यांची मास्टर्स पदवी, तिच्यात किमान २,००० तास प्रत्यक्ष ऑपरेशन थिएटरमधले. त्यानंतर राष्ट्रीय परीक्षा, राज्याची परवानगी आणि शेवटी रुग्णालयाची. पुढेही दर दोन वर्षांनी ठरावीक तासांचं शिक्षण आणि काही वर्षांनी पुन्हा परीक्षा. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून गेल्याशिवाय राष्ट्रीय परीक्षेला बसता येत नाही, त्यामुळे आपल्याकडचा एमडी भूलतज्ज्ञसुद्धा थेट तिथे एए होऊ शकत नाही. प्रशिक्षणाची आस्था हा या पेशाचा जन्मजात गुण आहे. ग्रॅव्हनस्टाइन यांनी पुढे फ्लोरिडात सहकाऱ्यांबरोबर मानवी सिम्युलेटर विकसित केला, म्हणजे शिकणाऱ्याची पहिली चूक पुतळ्यावर व्हावी.

इतकं असूनही एएंना काम करता येतं ते वीसेक राज्यांत आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये. जिथे मराठी माणसं मोठ्या संख्येने राहतात ती कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क ही राज्यं त्यात नाहीत. कारण पुन्हा तोच जुना शब्द, निर्देश. नर्स ॲनेस्थेटिस्टना, म्हणजे भूल देणाऱ्या नर्सेसना, अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे काम करता येतं. २००१ पासून राज्यांना मेडिकेअरची डॉक्टरी देखरेखीची अट त्यांच्यापुरती सोडून देता येते, आणि आयोवाने ती सगळ्यांत आधी सोडली. एए मात्र भूलतज्ज्ञ डॉक्टरशिवाय काम करूच शकत नाही. त्यामुळे नर्सेसच्या संघटना प्रत्येक राज्यात विचारतात की ज्या खेड्यातल्या रुग्णालयात भूलतज्ज्ञच नाही, तिथे एए काय कामाचा? हा आक्षेप खरा आहे. पण डॉक्टरशी बांधलेलं असणं हा या पेशाचा अपघात नाही, तिघा प्राध्यापकांनी तो तसाच घडवला. माझ्या मते मोठ्या रुग्णालयासाठी ती रचना उत्तम आहे, आणि खेड्याचा प्रश्न तिने सोडवावा अशी अपेक्षा ठेवणं चुकीचं आहे.

ब्रिटनने २००४ च्या सुमारास असाच वर्ग तयार केला. डिसेंबर २०२४ पासून त्याची नोंदणी डॉक्टरांच्याच परिषदेकडे आली, आणि २०२५ मध्ये सरकारी समीक्षेने त्याचं नाव बदलायची शिफारस केली, कारण समोरचा माणूस डॉक्टर आहे की नाही हे पेशंटला कळत नव्हतं.

भारताने खेड्याच्या प्रश्नाला निराळं उत्तर दिलं. अडलेल्या बाळंतिणींसाठी एमबीबीएस डॉक्टरांनाच १८ आठवड्यांचं जीवरक्षक भूलकौशल्याचं प्रशिक्षण दिलं गेलं. भूल डॉक्टरच देणार, हे आपण सोडलं नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या राष्ट्रीय कायद्यात ‘ॲनेस्थेशिया असिस्टंट्स अँड टेक्नॉलॉजिस्ट्स’ हा वर्ग नोंदला आहे. नाव जवळजवळ तेच, काम वेगळं. मशीन मांडणं, तपासणं, ट्यूब आणि औषधं हातात देणं, अडचणीत मदत करणं. अमेरिकेत या कामासाठी ॲनेस्थेशिया टेक्निशियन हा तिसराच वर्ग आहे.

आमच्या थिएटरमधला टेक्निशियन मी हात पुढे करायच्या आत योग्य मापाची ट्यूब देतो. रात्री दोन वाजता फुगलेल्या घशाच्या पेशंटसाठी त्याने न सांगता एक माप लहान ट्यूब काढून ठेवली होती, आणि तीच आत गेली. त्याच्या ओळखपत्रावर अजून ‘ओटी असिस्टंट’ एवढंच आहे.

मागच्या महिन्यात प्रश्न विचारायला आलेल्या मुलीला मी हे सगळं सांगितलं. तिने वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, ‘म्हणजे फिजिक्स आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री पुन्हा करावं लागेल?’ हो, म्हटलं, आणि मग दोन हजार तास. ती म्हणाली, ‘तास तर मी इथेही रोज भरतेच आहे की मॅडम.’