गाणं रिलीज झाल्यावर पैसे कुठून येतात आणि कुठे अडकतात

आम्ही कलाकारांची गाणी स्ट्रीमिंग प्लॅटफॉर्मवर चढवून देतो. आमच्याकडे गाणं घेऊन येणारे बहुतेक जण पहिल्यांदा हेच विचारतात की एका स्ट्रीमला, म्हणजे गाणं एकदा ऐकलं गेलं की, किती मिळतात. बऱ्याच प्लॅटफॉर्मवर असा ठरलेला रेट नसतोच. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी सबस्क्रिप्शनचे आणि जाहिरातींचे महिन्याचे पैसे देशवार एकत्र होतात, त्यातला साधारण दोन तृतीयांश भाग गाण्यांच्या हक्कदारांसाठी निघतो आणि मग त्या महिन्यात तिथे जेवढं ऐकलं गेलं त्यात तुमचं गाणं किती, त्यावर तुमचा हिस्सा ठरतो. समजा एकूण १०० कोटी स्ट्रीम झाले आणि तुमचे १ लाख, तर वाटा ०.०१ टक्का. पुढच्या महिन्यात तुमचे १ लाखच राहिले पण बाकीच्यांचं ऐकणं वाढलं तर पैसे कमीही येऊ शकतात, त्यामुळे रिपोर्ट बघून लगेच घाबरू नका.

३० सेकंदांच्या आत कुणी गाणं बदललं तर तो स्ट्रीम मोजत नाहीत. शिवाय २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत किमान १००० स्ट्रीम नसतील तर त्या रेकॉर्डिंगचे पैसेच निघत नाहीत. नवीन कलाकारांवर हा अन्याय आहे असं आम्हाला वाटतं, पण सध्या नियम तोच आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एका गाण्यात हक्क दोन असतात, एक शब्द आणि चालीचा म्हणजे रचनेचा, दुसरा रेकॉर्डिंगचा म्हणजे मास्टरचा. आमच्यासारखे लोक गाणं सगळीकडे चढवतात ते मास्टरच्या हक्कावर, आणि तेच पैसे तुमच्यापर्यंत येतात. रचनेचे पैसे वेगळ्या वाटेने जातात, ते रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे किंवा पब्लिशरकडे जमा होतात, आणि गीतकार-संगीतकाराने तिथे सभासद होऊन गाणं नोंदवलेलंच नसेल तर ते कुणाचे हे कळत नाही म्हणून पडून राहतात. हे किरकोळ प्रकरण नाही. अमेरिकेत 'मेकॅनिकल लायसेन्सिंग कलेक्टिव्ह' ही संस्था २०२१ मध्ये कामाला लागली तेव्हा स्ट्रीमिंग कंपन्यांनी तिच्याकडे असे मालक न सापडलेले तब्बल ४२ कोटी ४० लाख डॉलर जमा केले! फॉर्म भरायला आम्ही बसून मदत करू, पण सभासद तुम्हालाच व्हावं लागेल.

म्हणून गाणं अपलोड करायच्या आधी स्प्लिट शीट, म्हणजे कुणाचा किती हिस्सा हे लिहिलेला कागद, भरा असा आमचा आग्रह असतो. कुणी लिहिलं, कुणी चाल दिली, अरेंजमेंट करणाऱ्याला रचनेत हिस्सा आहे का नुसती फी, कुणाचे किती टक्के, सगळ्यांच्या सह्या. मित्र-मित्र आहोत, बघू नंतर, असं म्हणून सोडलेलं गाणं चाललं की मगच भांडणं होतात आणि वाद सुटेपर्यंत पेमेंट थांबतं.

प्रत्येक रेकॉर्डिंगला त्याची ओळख म्हणून १२ अक्षरी आयएसआरसी कोड मिळतो, पहिली ५ अक्षरं कोड कुणी दिला त्याची, मग २ आकडे वर्षाचे आणि शेवटचे ५ त्या रेकॉर्डिंगचा नंबर. आधी दुसऱ्या कुणाकडून रिलीज केलेलं गाणं आमच्याकडे आणताय तर तोच कोड आणा, नवीन घेतला तर जुने स्ट्रीम नव्या अपलोडशी जोडले जात नाहीत आणि आकडा शून्यापासून सुरू होऊ शकतो. रिमिक्स किंवा लाइव्ह व्हर्जनला मात्र नवीनच कोड लागतो. नावाचं स्पेलिंगही दरवेळी एकच ठेवा, एकदा आडनावासकट आणि एकदा नुसतं नाव दिलं की दोन वेगळे आर्टिस्ट पेज होतात आणि ते एकत्र करायला फार वेळ जातो.

बीट, म्हणजे गाण्यामागचं तयार संगीत, ऑनलाइन विकत घेतला असेल तर लायसेन्स नीट वाचा. तोच बीट इतरांनाही विकलेला असेल तर यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे इतरांच्या व्हिडिओत तुमचं गाणं आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत, आम्ही गाणं टाकणार नाही, कारण मग त्या सगळ्यांच्या व्हिडिओवर तुमचा क्लेम म्हणजे हक्काचा दावा लागतो आणि तो चुकीचा असतो.

आणि पैसे घेऊन स्ट्रीम वाढवून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी प्लीज लागू नका. बॉटचे म्हणजे माणसाऐवजी सॉफ्टवेअरने वाजवलेले स्ट्रीम पकडले जातात, आकडे कापले जातात, दंड बसू शकतो आणि गाणं उतरवलंही जातं, आणि खरी मेहनत केलेल्या कलाकाराचं असं झालेलं बघवत नाही.

रिलीजची तारीख ठरवताना ३-४ आठवडे हातात ठेवा, स्पॉटिफायच्या एडिटरकडे प्लेलिस्टसाठी गाणं पाठवायचं तर ते रिलीजच्या किमान ७ दिवस आधी जावं लागतं. पैशांचा रिपोर्ट साधारण दोन-तीन महिने मागे चालतो. आमच्याकडे पाठवताना डब्ल्यूएव्ही फाइल, ३००० बाय ३००० पिक्सेलचं आर्टवर्क, गाण्याचे शब्द आणि सह्या केलेली स्प्लिट शीट एकाच फोल्डरमध्ये द्या, एमपी३ चालणार नाही.