पूर्वज्ञानमान्यता (आदिवासी प्रौढांची), मराठवाडा

शाळा-महाविद्यालयाबाहेर, काम करता करता किंवा वडीलधाऱ्यांच्या हाताखाली मिळालेले ज्ञान तपासून त्याबद्दल प्रमाणपत्र, श्रेयांक (पदवीसाठी मोजली जाणारी क्रेडिट) वा प्रवेशाची पात्रता देण्याची पद्धत. मराठवाड्यात तिचा विचार मुख्यतः नांदेडमधील किनवट-माहूर व हिंगोलीतील कळमनुरी-औंढा भागातील गोंड, कोलाम, परधान आणि आंध यांच्या संदर्भात होतो.

उगमाबद्दल एकमत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत सैनिकांच्या लष्करी प्रशिक्षणाला महाविद्यालयीन श्रेयांक मिळू लागले, तेथे काही अभ्यासक तिचे मूळ धरतात. इतर जण एकोणिसाव्या शतकातील लंडन विद्यापीठाच्या बाह्य परीक्षांपर्यंत मागे जातात. पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. कारण बाह्य परीक्षेत शिकणे कुठेही झाले तरी अभ्यासक्रम विद्यापीठाचाच असतो.

मराठवाड्यापुरता आणखी एक दाखला विचारात घ्यावा लागतो. किनवट तालुका 1956 पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्याच जिल्ह्यातील मारलावाई येथे 1940 च्या दशकात मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र निघाले. थोडेफार मराठी लिहिता-वाचता येणारे गोंड तेथे शिक्षक म्हणून तयार झाले आणि गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत निघाली. आजच्या काटेकोर अर्थाने ही पूर्वज्ञानमान्यता नव्हे. तरी मातृभाषेचे ज्ञान येथे कमीपणा न ठरता कामाची पात्रता ठरले, म्हणून या केंद्राला उगमकथेत जागा मिळायलाच हवी. पुढे निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी यांनी गोंडी व कोलामी भाषांची व्याकरणे लिहिली.

सध्याची चौकट राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा (2013) आणि प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना (2015) यांची आहे. तीत उमेदवाराची पारख प्रत्येक कामासाठी ठरवून दिलेल्या मानकांवर होते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने (स्थापना 1989) बारावी न झालेल्यांना पूर्वतयारी शिक्षणक्रमातून पदवीचा मार्ग दिला. ती प्रवेशाची सवलत होती, ज्ञानाची मान्यता नव्हे.

मानकांत न मावणारे ज्ञान हा कळीचा प्रश्न आहे. कोलामांचे बुरूडकाम, म्हणजे बांबूच्या टोपल्या-सुपे विणणे, घ्या. कोवळा आणि जून बांबू ओळखणे, पेरावर न तुटता उभी चीर नेणे, सुपाला आणि तट्ट्याला वेगवेगळ्या जाडीच्या कामट्या (बांबूच्या पट्ट्या) काढणे. परीक्षकापुढे तयार टोपली येते, बांबूची निवड येत नाही; ती पाहायची तर रानातच जावे लागेल. वनहक्क कायद्याच्या नियमांत (2008) वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवलेले कथन वनहक्काच्या दाव्याला पुरावा म्हणून चालते. हीच रीत येथेही वापरता येण्याजोगी आहे.

भाषेच्या दृष्टीने सर्व जमाती एका मापाने मोजू नयेत. आंधांची बोली मराठीच असल्याने मराठीतील तोंडी परीक्षा त्यांना परकी नसते. गोंडी आणि कोलामी मात्र द्राविडी भाषा आहेत. त्या बोलणाऱ्या प्रौढाला झाडाची, अवजाराची, विणीची नावे स्वतःच्या भाषेत सांगू द्यावीत आणि परीक्षकाशेजारी दुभाषा बसवावा.