बी-मोडचा दावा आणि आकाशगंगेतली धूळ: पार्श्वभूमी

इन्फ्लेशनची, म्हणजे जन्मानंतरच्या पहिल्या क्षणी विश्व प्रचंड वेगाने फुगलं ही कल्पना १९८० च्या सुमारास पुढे आली. तसं खरंच घडलं असेल तर त्या वेळच्या गुरुत्वीय लहरींचा (अवकाशाच्याच ताणण्या-आकसण्याच्या लहरींचा) ठसा सूक्ष्मतरंग पार्श्वभूमीच्या, म्हणजे बाल्यावस्थेतल्या विश्वातून आजही येणाऱ्या प्रारणाच्या ध्रुवीकरणात (त्याच्या लहरींच्या कंपनाच्या दिशेत) भोवऱ्यासारखा, पिळदार दिसायला हवा. हाच बी-मोड. ध्रुवीकरण पहिल्यांदा मोजलं गेलं २००२ मध्ये, दक्षिण ध्रुवावरून. पण तो बिनपिळाचा ई-मोड होता.

पुढचा सगळा वाद सुरू झाला १७ मार्च २०१४ ला. ध्रुवावरच्याच बायसेप-२ दुर्बिणीच्या गटाने पत्रकार परिषद घेतली आणि आदिम, म्हणजे इन्फ्लेशनच्या वेळचा बी-मोड सापडल्याचं जाहीर केलं. लहरींचं बळ सांगणारं ‘आर’ हे गुणोत्तर त्यांनी ०.२० काढलं होतं. याच पार्श्वभूमीचं मोजमाप करणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या तापमान-नकाशांवरून ते ०.११ च्या खालीच असायला हवं होतं.

अडचण धुळीची. आकाशगंगेतले धूलिकण चुंबकीय क्षेत्रामुळे एका दिशेला वळतात, त्यामुळे त्यांच्याकडून येणारं प्रारणही ध्रुवित असतं आणि त्यातही बी-मोड असतो. वारंवारिता वाढते तसं धुळीचं तेज वाढतं, म्हणून दोन-तीन वारंवारितांवर मोजलं की ती ओळखू येते. बायसेप-२ मात्र १५० गिगाहर्ट्झवरच बघत होती. आधीच्या दुर्बिणीची १०० गिगाहर्ट्झची निरीक्षणं जोडीला होती, पण फारच क्षीण. धुळीच्या एका अंदाजासाठी तर प्लँकच्या गटाने परिषदेत दाखवलेल्या स्लाइडवरून नकाशा उचलला होता.

समीक्षेआधीच, म्हणजे इतर तज्ज्ञांनी लेख तपासण्याआधीच पत्रकार परिषद घेतली, यावर सर्वांत जास्त टीका झाली. माझ्या मते तो मुद्दा दुय्यम आहे. समीक्षेनंतर जूनमध्ये लेख छापून आला तेव्हा दाव्याची भाषा सौम्य झाली होती, पण धुळीची आकडेवारी समीक्षकांकडे तरी कुठे होती? मोजमाप चोख होतं, पुढच्या निरीक्षणांतही तो संकेत तसाच दिसला. चूक झाली ती त्याचा उगम ठरवण्यात. दोन्ही गटांनी आपला डेटा आधी एकत्र आणला असता तर ती टळली असती. त्यांनी तो आणला नंतर, आणि जानेवारी २०१५ च्या संयुक्त विश्लेषणात ‘आर’ला ०.१२ ची फक्त वरची मर्यादा उरली, म्हणजे लहरी सापडल्याचा दावा टिकला नाही.

२०२१ मध्ये ही मर्यादा ०.०३६ वर आली आणि इन्फ्लेशनची काही साधी, लाडकी प्रारूपं बाद झाली. मे २०२५ मध्ये अमेरिकी सरकारी यंत्रणांनी या शोधासाठीच्या पुढच्या पिढीच्या मोठ्या प्रकल्पाचा (सीएमबी-एस४) पाठिंबा काढून घेतला. चिलीच्या अटाकामा वाळवंटातल्या नव्या सायमन्स वेधशाळेच्या दुर्बिणी मात्र सहा वारंवारिता-पट्ट्यांसाठी बांधलेल्या आहेत.